आजोळची बुरशी : जोकिची ताकामिने

(द्वितीय वर्ष, कला)

भाकरीचा एक कोरडा घास तोंडात घ्यावा, कशाला लावू नये, आणि गिळण्याची घाई न करता सावकाश चावत राहावे. थोड्या वेळाने तो घास गोडसर लागू लागतो. वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. भाकरीत साखर कोणी घातली? कोणीच नाही. भाकरीतील पिष्ट, म्हणजे स्टार्च, ही मुळात साखरेच्या मण्यांचीच लांबलचक माळ असते. आपल्या लाळेतील एक द्रव्य ती माळ तोडून मणी सुटे करू लागते. अशी कामे करणाऱ्या द्रव्यांना शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांना विकर असे नाव आहे. आमच्या पश्चिम खानदेशात लहान लेकराला नागलीचे सत्त्व देतात. नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. ते सत्त्व गोडसर का लागते आणि लेकराला पचायला हलके का जाते, याचे कारणही तेच. धान्याला मोड येतात तेव्हा दाण्याच्या पोटात हेच काम सुरू होते. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून हे द्रव्य वेगळे काढले व त्याला डायस्टेज असे नाव दिले.

परंतु हा लेख पायेनविषयी नाही. डायस्टेज बुरशीपासून काढून त्याची भुकटी बाटलीत भरून विकणाऱ्या एका जपानी माणसाविषयी आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने रसायनाच्या भानगडीत कशाला पडावे, असे मला एका मैत्रिणीने विचारलेही. त्याचे उत्तर असे की, या माणसाच्या चरित्रात मला रसायनाइतकीच त्याची आई भेटली.

जोकिची ताकामिने याचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ रोजी जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील ताकाओका या गावी झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या आरमाराच्या धाकाने जपानने दोनशे वर्षांहून अधिक काळ लावून घेतलेली दारे किलकिली केली होती. वडील सेइइची हे कागा संस्थानच्या माएदा घराण्याच्या पदरी वैद्य होते आणि डच पुस्तकांतून आलेली पाश्चात्त्य विद्या त्यांनी शिकून घेतली होती. जोकिचीचे बालपण कानाझावा या संस्थानच्या राजधानीत गेले. आई युकिको हिचे माहेर साके करणाऱ्यांचे. साके म्हणजे तांदळाचे जपानी मद्य.

आता हे साके कसे करतात ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मद्य करायचे तर आधी साखर हवी, कारण यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव साखर खातो आणि तिचे मद्य करतो. पिष्ट त्याला खाता येत नाही. द्राक्षात व उसाच्या रसात साखर तयारच असते, पण धान्यात नसते. म्हणून धान्यातील पिष्टाची आधी साखर करावी लागते. युरोपातील लोक त्यासाठी बार्लीला मोड आणतात. तिला माल्ट म्हणतात. जपानी लोकांनी मात्र निराळीच वाट शोधली. ते वाफवलेल्या तांदळावर एक विशिष्ट बुरशी वाढवतात. उबदार, दमट खोलीत दोन दिवसांत तांदूळ पांढऱ्या लवीने भरून जातो. हिला कोजी म्हणतात. ही बुरशी वाढताना भरपूर डायस्टेज सोडते, आणि ते पिष्टाची साखर करते. बुरशी म्हटली की आपण भाकरी टाकून देतो. त्या लोकांनी तिला शेकडो वर्षे घरात जोपासले. साके, मिसो, सोयाबीनचा रस, सारे तिच्यावरच. शास्त्रात तिचे नाव अॅस्परजिलस ओरायझी. या नावातील ओरायझी म्हणजे तांदळाची.

हे सारे जोकिचीच्या आजोळी चालत असे. वैद्याच्या घरी पुस्तके आणि आजोळी कोजी, अशा दोन शाळांत हा मुलगा वाढला. त्यातली पहिली सर्वांना दिसत होती. दुसरीला त्या काळी कोणी विद्या म्हटले असेल असे मला वाटत नाही.

अकरा-बारा वर्षांचा असताना, १८६५ मध्ये, संस्थानाने त्याला परकीय भाषा शिकण्यासाठी नागासाकीला पाठवले. एवढे लहान पोर घरापासून किती दूर! पुढे क्योटो, ओसाका असा त्याचा प्रवास झाला. वडिलांप्रमाणे वैद्य व्हावे म्हणून तो वैद्यक शिकू लागला, पण ओसाकात रसायनशास्त्राची गोडी लागली आणि वैद्यक मागे पडले. दरम्यान १८६८ मध्ये जुनी राजवट जाऊन नवे सरकार आले. नव्या सरकारने तोकियोत अभियांत्रिकीचे महाविद्यालय काढले. त्याचे प्रमुख हेन्री डायर हे स्कॉटिश गृहस्थ होते. १८७९ मध्ये या महाविद्यालयातून पहिली तुकडी बाहेर पडली. त्या २३ पदवीधरांत ताकामिने होते. पुढे तोकियो स्थानकाची इमारत बांधणारे तात्सुनो किंगो हेही याच तुकडीतले. ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तलवार किंवा औषधाची पेटी होती, त्यांतील मुले बॉयलर आणि आम्ले शिकून बाहेर पडत होती. घरात पहिल्यांदाच कोणीतरी महाविद्यालयात जाते तेव्हा घरच्यांना किती अभिमान वाटतो आणि किती धास्ती, हे माझ्यासारखीला निराळे सांगायला नको.

१८८० मध्ये सरकारने ताकामिने यांना ग्लासगोला पाठवले. तेथे तीन वर्षे राहून त्यांनी रसायनाचा अभ्यास केला आणि सोडा व खते यांचे कारखाने पाहिले. १८८३ मध्ये परतल्यावर ते शेती व व्यापार खात्यात लागले. सरकारी नोकरी, परदेशची विद्या, घराण्याचे नाव! आपल्याकडचा कोणीही म्हणेल की आता पोराचे भले झाले. परंतु १८८४ च्या अखेरीस अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे कापसाचे मोठे जागतिक प्रदर्शन भरले, आणि जपानच्या दालनासाठी त्यांना तिकडे पाठवण्यात आले. या प्रवासात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे कॅरोलाइन हिच या तरुणीशी त्यांचे लग्न ठरले. दुसरी, फॉस्फेटच्या खडकापासून खत करता येते हे त्यांनी तेथे पाहिले व त्यातील काही टन माल ते जपानला घेऊन आले. याच प्रदर्शनातील जपानी वस्तूंवर लाफ्काडियो हर्न या लेखकाने लिहिले होते. पुढे हर्न १८९० मध्ये जपानला गेला आणि तिकडचाच झाला. त्याच वर्षी ताकामिने उलट दिशेने अमेरिकेला गेले. योगायोग म्हणावा तो असा.

त्याआधीची काही वर्षे धावपळीची. जपानमध्ये पेटंटचा कायदा नुकताच आला होता, आणि पेटंट कचेरीचे प्रमुख परदेशी गेले असता तिचा कारभार काही काळ ताकामिने यांनी पाहिला. शोध लावणे एक आणि तो आपल्या नावावर नोंदवून ठेवणे दुसरे, हा धडा त्यांनी येथे गिरवला असावा. कारण पुढे आयुष्यभर त्यांनी कोणताही शोध नोंदवल्याशिवाय सोडला नाही. १८८७ मध्ये शिबुसावा एइइची आणि मासुदा ताकाशी या बड्या उद्योजकांच्या साहाय्याने त्यांनी तोकियोत कृत्रिम खताची कंपनी काढली. (हेच शिबुसावा २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर आहेत.) त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सला जाऊन त्यांनी कॅरोलाइनशी विवाह केला व तिला तोकियोला आणले. त्यांचे दोन्ही मुलगे तेथेच जन्मले. एका गोऱ्या अमेरिकन मुलीने त्या काळी जपानी माणसाशी लग्न करून त्याच्या देशी संसार थाटावा, हे धाडस मला तरी ताकामिने यांच्या कोणत्याही शोधाइतकेच मोठे वाटते. चरित्रकार तिला दोन-चार ओळींत आटोपतात.

खताचा कारखाना सांभाळीत असतानाच त्यांच्या डोक्यात कोजी घोळू लागली होती. त्यांचे म्हणणे साधे होते. युरोप-अमेरिकेत व्हिस्की करताना मक्याच्या पिष्टाची साखर करण्यासाठी माल्ट वापरतात. माल्टसाठी चांगली बार्ली लागते, तिला मोड आणून वाळवण्यात आठवडाभर जातो, आणि बार्ली काही फुकट मिळत नाही. याउलट कोजीची बुरशी दोन दिवसांत वाढते. मग माल्टच्या जागी कोजी का वापरू नये? आणि कोजीला तरी तांदूळच कशाला हवा? गव्हाच्या गिरणीतून जो कोंडा बाहेर पडतो, त्यावर ही बुरशी फार उत्तम वाढते असे त्यांना आढळले. कोंडा सैल असतो, त्यात हवा खेळती राहते, आणि तो गुराढोरांना घालण्याच्या मोलाचा. माझ्या मते ताकामिने यांची खरी बुद्धी येथे दिसते. आजोळी तांदूळ होता. त्याला हात न लावता बुरशी तेवढी उचलून तिला कोंड्यावर बसवणे, हे ना आजोळच्या कारागिराला सुचले असते, ना ग्लासगोच्या प्राध्यापकाला. एकाला कोंडा सुचला नसता आणि दुसऱ्याला बुरशी ठाऊकच नव्हती.

कॅरोलाइनच्या आईवडिलांनी अमेरिकेत खटपट केली आणि तेथील व्हिस्की ट्रस्टचे बोलावणे आले. ट्रस्ट म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. देशभरातील मद्यभट्ट्या एका मालकीखाली आणून, माल किती काढायचा आणि भाव काय लावायचा, हे ठरवणारी ती बलाढ्य संघटना होती. तिचे मुख्य ठाणे इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावी होते. १८९० मध्ये बायको, दोन तान्ही मुले आणि साके करणारा एक कारागीर यांच्यासह ताकामिने निघाले. खताच्या कंपनीत भांडवल घातलेल्या शिबुसावांना हे रुचले नाही. मासुदांनी मात्र जाण्यास उत्तेजन दिले. शिबुसावांची नाराजी मी समजू शकते. जपानच्या शेतकऱ्याला खत देण्याचे काम अर्धवट टाकून अमेरिकेच्या मद्यपींना स्वस्त व्हिस्की देण्यासाठी जाणे, यात मोठेपणा तो कोणता? ताकामिने यांचे चाहते या प्रश्नाजवळ फार वेळ थांबत नाहीत.

पिओरियात प्रयोग यशस्वी झाले. पण जेथे नवी गोष्ट येते तेथे जुन्या गोष्टीवर पोट असलेली माणसे असतातच. माल्ट करणे हा त्या भागातील मोठा धंदा होता. बार्ली भिजवायची, फरशीवर पसरायची, फावड्याने उलटीपालटी करायची, भट्टीच्या धगीवर वाळवायची. यात किती घरे जगत असतील! त्यांच्या कानी आले की एक जपानी माणूस कोंड्यावरची बुरशी घेऊन आला आहे आणि आता माल्टची गरज उरणार नाही. विरोध सुरू झाला. १८९१ मध्ये ताकामिने यांचे काम जेथे चालू होते त्या भट्टीला आग लागली आणि सारे जळून गेले. ती लागली की लावली, हे सिद्ध झाले नाही; संशय माल्टवाल्यांवर घेतला गेला. बहुतेक ठिकाणी हा प्रसंग खलनायकांच्या कथेप्रमाणे रंगवलेला असतो. मला त्यात एकच बाजू दिसत नाही. आग लावणे हा गुन्हाच. परंतु फावडे हातात असलेल्या त्या माणसांपुढे, तुमच्या मुलांनी उद्या काय खावे, या प्रश्नाचे उत्तर ना ट्रस्टने ठेवले होते, ना ताकामिने यांनी. परका माणूस, परका वर्ण, परकी बुरशी. एवढे निमित्त पुरेसे झाले.

ताकामिने यांनी राखेतून पुन्हा काम उभे केले. तेवढ्यात यकृताच्या विकाराने त्यांना गाठले. पिओरियात शस्त्रक्रियेची सोय होईना, तेव्हा कॅरोलाइनने खटपट करून त्यांना आगगाडीने शिकागोला हलवले, आणि तेथे ते वाचले. कोजीची व्हिस्की थोडी निघालीही. पण १८९५ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रस्टविरुद्ध निकाल दिला, ट्रस्ट मोडकळीस आली आणि तिच्याबरोबर कोजीच्या व्हिस्कीचाही शेवट झाला. माल्टवाले वाचले. आजही जगातील नामांकित माल्ट व्हिस्की माल्टचीच असते. ज्या कामासाठी हा माणूस सातासमुद्रापार गेला ते काम असे बुडाले.

पण त्या अडचणीच्या दिवसांतच एक विचार पक्का झाला होता. व्हिस्कीला बुरशी नको असेल, तर तिने सोडलेले द्रव्य तेवढे वेगळे का काढू नये? कोंड्यावर वाढलेली कोजी पाण्यात भिजवली की डायस्टेज पाण्यात उतरते. त्या पाण्यात मद्यार्क घातला की ते साका होऊन खाली बसते. गाळून वाळवले की भुकटी तयार. ही भुकटी पिष्टावर टाकली असता थोड्याच वेळात पिष्ट पातळ होऊन त्याची साखर होऊ लागते. ११ सप्टेंबर १८९४ रोजी या कृतीचे अमेरिकन पेटंट त्यांना मिळाले. सूक्ष्म जीवापासून काढलेल्या विकराचे अमेरिकेतील हे पहिले पेटंट मानतात. आजच्या एन्झाइम उद्योगाचा इतिहास सांगणारे येथून सुरुवात करतात ते याचसाठी.

भुकटीला नाव दिले ताका-डायस्टेज. ताकामिने म्हणजे उंच शिखर; त्यातला 'ताका' म्हणजे उंच. आपल्याकडे हे नाव ऐकून कोणाला ताक आठवेल, आणि गंमत अशी की तेही पोटासाठीच! मद्यासाठी काढलेली वस्तू आता औषध झाली. ज्यांना भात, भाकरी, बटाटा असले पिष्टमय अन्न पचत नाही, त्यांनी जेवणानंतर हे घ्यावे, म्हणजे पोटाचे थोडे काम बाहेरून आलेले डायस्टेज करील, अशी कल्पना. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ते बाजारात आणले आणि त्याचा खप जगभर झाला. जपानमधील विक्रीचा हक्क मात्र ताकामिने यांनी जपानी लोकांसाठीच राखला. त्यासाठी १८९९ मध्ये सांक्यो नावाची पेढी निघाली. १९१३ मध्ये तिची कंपनी झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष ताकामिने झाले. आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगते. नात्सुमे सोसेकी या थोर जपानी कादंबरीकाराच्या मांजराने सांगितलेल्या कादंबरीत त्या मांजराचा मालक, पोटाचा रोगी शिक्षक, ताका-डायस्टेज घेत असतो. ही कादंबरी १९०५ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे दहा वर्षांत ही भुकटी साहित्यात जाऊन बसली. खुद्द सोसेकींचेही पोट आयुष्यभर बिघडलेलेच होते, आणि १९१६ मध्ये पोटातील व्रणानेच ते गेले.

येथून ताकामिने यांचे दिवस पालटले. ते न्यूयॉर्कला गेले व एका तळघरात प्रयोगशाळा थाटली. प्राण्यांच्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. तिच्या अर्कात रक्तदाब वाढवण्याचा व रक्तस्राव थांबवण्याचा गुण आहे हे ठाऊक होते, पण ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती येत नव्हते. मोठमोठे प्राध्यापक त्याच्या मागे होते. १९०० च्या उन्हाळ्यात त्याचे स्फटिक या तळघरात मिळाले. तेच अॅड्रेनलिन. शस्त्रक्रियेत, दम्यात, बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला चालना देण्यासाठी या द्रव्याने आजवर किती जीव वाचवले, त्याची गणती कोण करील? परंतु हे स्फटिक प्रत्यक्ष काढणारे हात उएनाका केइझो या तरुण मदतनिसाचे होते. तो त्याच वर्षी जपानहून आला होता. त्याची प्रयोगवही पुढे जपानमध्ये जतन झाली, आणि त्यात दिवसवार नोंदी आहेत. १९०३ मध्ये मिळालेल्या पेटंटवर मात्र नाव एकट्या ताकामिने यांचे आहे. त्या काळची रीतच तशी होती, असे सांगतात. रीत असेल, तरी ती वही वाचणाऱ्याला वाईट वाटणारच. ताकामिने लहान माणूस होते असे मला म्हणायचे नाही, पण पेटंट कचेरीत बसून आलेल्या माणसाला नावाची किंमत कळत नव्हती, असेही म्हणवत नाही.

आणि याच माणसाने दुसरीकडे स्वतःचे नाव मागे ठेवले. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला, नदीकाठी जपानी चेरीची झाडे आहेत. वसंतात ती फुलतात तेव्हा लाखो लोक पाहायला जातात. १९०९ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांच्या पत्नीच्या मनात तेथे चेरी लावायचे आहे, हे ताकामिने यांच्या कानी आले. त्यांनी दोन हजार झाडे देऊ केली. देणगी एका व्यक्तीच्या नावे न जाता तोकियो शहराच्या नावे जावी असे ठरले, आणि त्यांनी ते मान्य केले. पहिली दोन हजार झाडे आली ती किडलेली निघाली. जानेवारी १९१० मध्ये ती सगळी जाळावी लागली. तोकियोचे महापौर ओझाकी युकिओ यांनी पुन्हा झाडे धाडली. या वेळी ती ३०२० होती, आणि २७ मार्च १९१२ रोजी त्यांतील पहिली लावली गेली. महापौरांचे नाव सर्वांना माहीत झाले, ताकामिने यांचे फार थोड्यांना.

न्यूयॉर्कमध्ये आता त्यांचा मोठा वाडा होता. तेथील जपानी लोकांचा निप्पॉन क्लब १९०५ मध्ये आणि दोन्ही देशांतील लोकांना जवळ आणणारी जपान सोसायटी १९०७ मध्ये निघाली. दोहोंच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९१२ मध्ये जपानच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले. दुसऱ्या वर्षी मायदेशी जाऊन त्यांनी निकराने सांगितले की, नकला करून देश मोठा होत नाही, मूलभूत संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था हवी. शिबुसावांनीही जुना राग विसरून या कामी साहाय्य केले. १९१७ मध्ये ती संस्था निघाली. तीच आजची रिकेन.

एवढे सगळे असूनही ज्या देशात त्यांनी तीस वर्षे काढली त्या देशाचे नागरिकत्व त्यांना मिळू शकत नव्हते. तेथील कायद्याप्रमाणे गोरे आणि आफ्रिकन वंशाचे लोक यांनाच अर्जाने नागरिक होता येत असे; आशियातून आलेल्यांना ते दार बंद होते. बायको अमेरिकन, घर अमेरिकेत, चेरी राजधानीत, अॅड्रेनलिन प्रत्येक इस्पितळात. आणि माणूस कागदोपत्री परका. २२ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेथीलच वुडलॉन दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ओझावा नावाच्या दुसऱ्या एका जपानी माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जपानी माणूस नागरिक होण्यास पात्र नाही. ताकामिने यांना तो ऐकावा लागला नाही एवढेच.

त्यांच्या पश्चात न्यू जर्सीतील क्लिफ्टन येथील त्यांची प्रयोगशाळा मुलांनी चालवली. १९५६ मध्ये ती माइल्स या कंपनीकडे गेली. आणि विकरांचे काम औषधाच्या बाटलीतून पुन्हा अन्नाच्या कारखान्यात आले. १८११ मध्ये किर्खहोफ या शास्त्रज्ञाने पिष्ट आम्लाबरोबर उकळून त्याची साखर केली होती, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे कारखाने बहुतांशी आम्लानेच हे काम करीत. आम्लाने पिष्ट तुटते, पण त्याबरोबर रंग आणि कडवटपणाही येतो. विकर तसे करीत नाही. ते आपला ठरलेला दुवा तेवढा तोडते. आता अशा कारखान्यांत मक्याचे पिष्ट शिजवून आधी एक विकर घालतात, ते लांब माळेचे तुकडे करते. मग दुसरे घालतात. ते टोकाकडून एकेक मणी सुटा करीत ग्लुकोज देते, आणि हे दुसरे कोजीच्याच भावकीतील अॅस्परजिलस बुरशीपासून काढलेले असते. पुढे १९६० नंतरच्या दशकात जपानच्याच ताकासाकी या शास्त्रज्ञांनी ग्लुकोजचे त्याहून गोड अशा फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करणाऱ्या तिसऱ्या विकराची कृती बसवली. अमेरिकेतील शीतपेयांत उसाच्या साखरेऐवजी मक्याचा पाक आला तो त्यानंतर. त्याने माणसांचे भले झाले की वजन वाढले, यावर तिकडे वाद आहेत. पावाच्या पिठातही बुरशीचे डायस्टेज किंचित घालतात, म्हणजे यीस्टला साखर मिळून पाव चांगला फुगतो. २००६ मध्ये जपानच्या मद्यशास्त्र संस्थेने कोजीच्या बुरशीला राष्ट्रीय बुरशी म्हणून मान दिला.

आपल्याकडे धुळे जिल्ह्यात दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च आणि द्रव ग्लुकोज तयार करणारा कारखाना आहे. मका कापल्यावर तिकडच्या रस्त्यांवर मालाच्या गाड्या दिसतात. हे ग्लुकोज गोळ्या-चॉकलेटांत, बिस्किटांत आणि औषधांत जाते. आणि अपचनासाठी औषधाच्या दुकानात जी पाचक गोळी किंवा सायरप मिळते, तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत पुष्कळदा फंगल डायस्टेज असे लिहिलेले असते. फंगल म्हणजे बुरशीचे. ही गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा तिने एवढेच विचारले की नागलीला मोड आणतो त्यातही तेच असते का. हो म्हटल्यावर ती म्हणाली की मग बाटली कशाला आणायची, आणि सत्त्व चाळायला बसली.